नेट गेलं तरी गाणी वाजतात

"गावात नेटच टिकत नाही, मग घरी म्युझिक सर्व्हर ठेवून काय फायदा?" आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात हे मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. हा समज चुकीचा आहे. म्युझिक सर्व्हर म्हणजे गाणी साठवून ती घरातल्या फोन-स्पीकरला पुरवणारा कॉम्प्युटर.

राउटर दोन वेगळी कामं करतो: घरातली यंत्रं एकमेकांना जोडणं आणि त्यांना बाहेरच्या इंटरनेटशी जोडणं. सर्व्हरला पहिलंच पुरतं. फोन आणि सर्व्हर, दोघांनाही राउटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतो. तो घरापुरताच असतो. हार्ड डिस्कवरची तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ओसरीतल्या स्पीकरपर्यंत घरातल्या घरातच पोचतात, सिमचा डेटा खर्चत नाहीत. फक्त सर्व्हरसाठी कंपनीच्या खात्यात लॉगिन मागणारं सॉफ्टवेअर टाळा, कारण त्या लॉगिनला नेट लागतं.

वेगाची चिंता नको. सीडीच्या दर्जाला सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट लागतात. राउटरला जोडायची साधी लॅन केबलही सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेते. मातीच्या जाड भिंतींत वाय-फाय अडखळतं, म्हणून सर्व्हरला मी केबलच सुचवतो. १०० मीटरपर्यंत बिनधास्त ओढा.

सर्व्हर दिसतच नसेल तर फोन गेस्ट वाय-फायवर आहे का बघा. पाहुण्यांसाठीचं ते वाय-फाय घरातल्या यंत्रांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, कारण वीज मात्र लागतेच.