डिजिटल आवाजाला पायऱ्या नसतात

बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत, गाणं ऐकणाऱ्यांच्या गप्पांत एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे: सीडीचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा, १९२ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १,९२,००० वेळा आवाज मोजलेली ‘हाय-रेझ’ फाइल मात्र गुळगुळीत. हे खरं नाही.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, असतात. तेवढ्यावरून २२,०५० हर्ट्झच्या खालची प्रत्येक लहर डॅक (आकड्यांपासून पुन्हा आवाजाचा विद्युत संकेत बनवणारा भाग) सलग उभी करतो. पायऱ्या स्पीकरपर्यंत पोचतच नाहीत. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, पन्नाशीनंतर त्याहून बराच कमी. प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला, ते बिट सांगतात; २४ बिटचा खरा उपयोग रेकॉर्डिंग करणाऱ्याला. घरी ऐकायला १६ बिटचं, सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं सुमारे ९६ डेसिबलचं अंतर पुरून उरतं.

मग काही हाय-रेझ फाइली खरंच सरस का वाटतात? बहुतेकदा मास्टरिंग (रेकॉर्डिंगवर शेवटी फिरवलेला हात) वेगळं असतं म्हणून. १९२४ साली आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची जुनी टेप १९२ वर चढवली, तरी टेपमध्ये नव्हतं ते त्यात येत नाही.

पैसे असतील तर आधी चांगले स्पीकर घ्या. आणि खोली बघा! फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत तानेचे सूर एकमेकांत कालवले जातात. जाड सतरंजी अंथरा, पुस्तकांचं कपाट भिंतीला लावा, आणि तीच सीडी पुन्हा ऐका.