अमेरिकेत खासगी मशीनगन: पहिल्या खरेदीमागची बावन्न वर्षं

अमेरिकेत पहिली मशीनगन घेऊ पाहणारा संग्राहक बहुतेकदा मॉडेलपासून सुरुवात करतो. थॉम्पसन घ्यावी की उझी, एम-१६ की मॅक? या बाजारात मात्र पैसे मोजले जातात ते मुख्यतः सरकारी रजिस्टरमधल्या एका नोंदीसाठी. ती नोंद कोणत्या वर्षी आणि कोणत्या वाटेने झाली, यावर किंमत, दुरुस्तीची शक्यता आणि पुढे विकता येईल की नाही, हे सगळं ठरतं. त्यामुळे मॉडेलच्या आधी १९३४, १९६८ आणि १९८६ ही तीन वर्षं समजून घ्यायला हवीत.

ऑटो-ऑर्डनन्स कंपनीसाठी कोल्टने १९२१ च्या थॉम्पसनचे १५,००० नग बनवले. सैन्याला त्या फारशा नको होत्या, म्हणून त्या खुल्या बाजारात आल्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत टोळीयुद्धात सात जण मारले गेले. त्यात दोन थॉम्पसन वापरल्या होत्या आणि त्या बातमीने देश हादरला. २६ जून १९३४ रोजी नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. या कायद्याने सरळ बंदी घातली नाही, कर लावला. मशीनगन बनवली किंवा हस्तांतरित केली की २०० डॉलर कर आणि नोंदणी. त्या काळी एका थॉम्पसनची किंमतही साधारण तेवढीच होती. महागाईबरोबर हा आकडा कधीच वाढवला गेला नाही. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा कर शून्य झाला, पण मशीनगनवरचे २०० डॉलर तसेच आहेत.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या ट्रंकांमधून जर्मन एमपी-४० सारखी कितीतरी शस्त्रं घरी आली. काहींची नळी वेल्ड करून ती निकामी केली होती. बाजारात अशा शस्त्रांना ‘डीवॅट’ म्हणतात. २९ जानेवारी १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेन्स खटल्यात निकाल दिला, की बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याला नोंदणीची सक्ती करणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं आहे. नोंदणीची जुनी चौकटच त्यामुळे डळमळली. त्याच वर्षीच्या गन कंट्रोल ॲक्टने ती नव्याने बांधली, डीवॅटनाही मशीनगन ठरवलं, खासगी ग्राहकांसाठीची आयात बंद केली आणि २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९६८ एवढीच माफीची मुदत दिली. त्या तीस दिवसांत नोंदलेल्यांना आजही ‘ॲम्नेस्टी गन’ म्हणतात.

तेव्हा राहून गेलेलं शस्त्र आज नोंदवता येत नाही. आजोबांच्या ट्रंकेत विनानोंद एमपी-४० सापडली, तर तिला कायदेशीर करण्याची वाट नाही. ती जवळ ठेवणं गंभीर गुन्हा आहे. ‘जुनी आहे, चालतं’ असं सांगणाऱ्या विक्रेत्यापासून लगेच दूर व्हावं.

१९६८ नंतर अठरा वर्षं देशांतर्गत उत्पादन सुरू होतं. साधा नागरिकसुद्धा आधी परवानगी घेऊन आणि कर भरून नवी मशीनगन बनवू शकत होता. १९ मे १९८६ रोजी फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टवर सही झाली. त्यात न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम ह्यूज यांची दुरुस्ती होती: या तारखेपर्यंत कायदेशीर नोंद नसलेली मशीनगन खासगी व्यक्तीला घेता येणार नाही. एप्रिलमध्ये ही दुरुस्ती सभागृहात आल्यापासून सहीपर्यंतचे आठवडे उत्पादकांनी धडाधड रिसीव्हर (म्हणजे बंदुकीचा मुख्य सांगाडा) नोंदवण्यात घालवले. पूर्ण बंदूक तयार नसली तरी क्रमांक कोरलेली नुसती नळकांडी नोंदली गेली. आजच्या ‘स्टेन ट्यूब’, म्हणजे स्टेन या ब्रिटिश सबमशीनगनची अशी नळकांडी, बऱ्याच अंशी या काळातल्या आहेत. म्हणूनच एका स्टेनचं काम सुबक असतं, तर दुसरीत बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) घासत जातो. दोन्ही कायद्याने सारख्या, वापरायला मात्र अजिबात सारख्या नाहीत.

तेव्हापासून खासगी व्यक्तीला विकता येणाऱ्या, म्हणजे ‘ट्रान्सफरेबल’, मशीनगनांचा साठा पावणेदोन लाखांच्या आसपास गोठला आहे. डीलरकडच्या ‘सँपल’, म्हणजे पोलिसांसारख्या सरकारी ग्राहकांना दाखवायच्या नमुना बंदुका वेगळ्या. त्या स्वस्त दिसतात, पण खासगी ग्राहकाला मिळत नाहीत.

सगळ्यात स्वस्त ट्रान्सफरेबल बहुधा मॅक घराण्यातली, विशेषतः एसडब्ल्यूडी कंपनीची एम-११/९ असते. स्वस्त म्हणजे तीसुद्धा पाच आकडी डॉलरांत. पत्र्याचा रिसीव्हर, मिनिटाला हजाराच्या वर वेग, त्यामुळे मूळ रूपात नियंत्रण कठीण. वेग कमी करणारे अप्पर (बंदुकीचे बदलता येणारे वरचे भाग) मिळतात म्हणून पहिल्या खरेदीसाठी ती तरीही वाईट नाही. ओपन बोल्टच्या, म्हणजे गोळी झाडण्याआधी बोल्ट मागे अडकवलेला असणाऱ्या बंदुकांची एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरलेलं मॅगझिन लावून बोल्ट पुढे असताना बंदूक दस्त्यावर आपटली, तर बोल्ट जडत्वाने मागे सरकून काडतूस उचलू आणि उडवू शकतो. स्टेनची ही जुनी खोड आहे.

एम-१६ महाग असते, पण नोंद लोअर रिसीव्हरवर, म्हणजे सांगाड्याच्या खालच्या भागावर, असल्याने अप्पर बदलून .२२ पासून ९ मिमीपर्यंत कॅलिबर वापरता येतात. सुटे भाग मुबलक मिळतात. कोल्टचा मूळ एम-१६ आणि १९८६ पूर्वी कायदेशीर बदल केलेला एआर-१५ यांच्या किमतींत मोठी तफावत असते. हेकलर अँड कॉखच्या बाबतीत कधी कधी नोंद फक्त सिअर या चापाच्या यंत्रणेतल्या छोट्याशा तुकड्याची असते. तो तुकडा जुळणाऱ्या बंदुकांत आलटून-पालटून बसवता येतो. ही सोय मोठी आहे, पण तो तुकडा हरवला किंवा मोडला तर सगळी गुंतवणूक त्याच्याबरोबर जाते. नोंदलेला रिसीव्हर नवा घेऊन बदलता येत नाही, म्हणून तडे, जुने वेल्ड आणि पिनांची भोकं घेण्याआधी बघावीत. रायझिंग ही युद्धकालीन अमेरिकन सबमशीनगन तुलनेने परवडते, पण तिचे भाग हाताने जुळवलेले असल्याने दुसऱ्या बंदुकीतला भाग सरळ बसेलच असं नाही.

कागदांचा क्रम असा: विक्रेत्याकडून मंजूर फॉर्मची प्रत मागावी आणि उत्पादक, मॉडेल, कॅलिबर, नळीची लांबी, क्रमांक बंदुकीवर ताडून पाहावेत. क्रमांकातलं एखादं अक्षर सुटलं असेल तर दुरुस्ती विक्रेत्याने आधी करून घ्यावी. आपल्या राज्यातल्या डीलरकडून घेताना फॉर्म ४ (हस्तांतराचा अर्ज), दोन ठसेपत्रं, छायाचित्र, स्थानिक पोलीस प्रमुखांना सूचना आणि २०० डॉलर लागतात. मंजुरीपर्यंत बंदूक विक्रेत्याकडेच राहते. दुसऱ्या राज्यातल्या खासगी मालकाकडून घेताना ती आधी आपल्या राज्यातल्या डीलरकडे यावी लागते, म्हणजे कर दोनदा, ४०० डॉलर. बंदूक ‘क्युरिओ अँड रेलिक’ या जुन्या, संग्राह्य शस्त्रांच्या वर्गात बसत असेल आणि ग्राहकाकडे ३० डॉलरचा, तीन वर्षांचा संग्राहक परवाना असेल, तर ती थेट येते आणि एक कर वाचतो. पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय यांसारख्या राज्यांत संग्राहकाला मशीनगन घेण्याचा मार्गच व्यवहारात बंद आहे.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी व्हिसाकडे नीट लक्ष द्यावं. ग्रीन कार्डधारक पात्र ठरू शकतो. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, कोणतीही बंदूक बाळगायलाच मनाई आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार चाप दाबून धरल्यावर गोळ्या सुटत राहणारं शस्त्र प्रतिबंधित वर्गात मोडतं, त्यामुळे ती परतताना आणायचा विचारही करू नये. मालकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला फॉर्म ५ वर विनाकर नोंद मिळते. पण मुलगा तेव्हा एच-१बीवर असेल किंवा पुण्यात राहत असेल, तर बंदूक मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला दुसऱ्या पात्र ग्राहकाला विकावी लागते. त्या पात्र ग्राहकाचं नाव मृत्युपत्रात आधीच लिहून ठेवावं.