'पंधरा'चे 'पन्नास' का होतात?

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघतो. मध्यंतरी इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, पहिल्या खेपेत किती पेट्या पाठवाल? हा म्हणाला, 'फिफ्टीन.' मेलवर ऑर्डर आली ५० पेट्यांची. साहेबांनी त्याला उच्चार सुधारायच्या क्लासला धाडलं. तिथं पहिल्याच दिवशी त्याला सांगण्यात आलं की तुला 'एमटीआय' आहे, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव, आणि तो ३० दिवसांत घालवून देऊ. मातृभाषा हा काही आजार नव्हे. ते ऐकून मला राहवलं नाही, म्हणून हे लिहितोय.

'प' म्हणताना ओठ मिटतात, मागे हवा कोंडते, ओठ उघडताच ती सुटते आणि मग घशातले स्वरतंतू थरथरू लागतात. ओठ उघडणं आणि थरथर सुरू होणं यांत किती वेळ जातो, त्यावर सगळा खेळ आहे. ध्वनिशास्त्रात याला 'व्हॉइस ऑनसेट टाइम' म्हणतात. आपण घोषारंभकाल म्हणू. मराठी 'प'मध्ये तो जवळजवळ शून्य, फार तर १०-२० मिलिसेकंद. 'फ'मध्ये तो लांबतो आणि मधल्या वेळात नुसती हवा वाहते. शाळेत आपण ज्याला महाप्राण म्हणायचो तो हाच. 'ब'मध्ये ओठ मिटलेले असतानाच थरथर सुरू झालेली असते, म्हणजे काळ उणे.

१९६४ साली ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी ११ भाषांमध्ये हा काळ मोजला, आणि त्यांत मराठीही होती. ही एकच मोजपट्टी बहुतेक भाषांना छान पुरली, मराठी-हिंदीच्या 'भ'पाशी मात्र अडली. कारण 'भ'मध्ये थरथर आधीपासून असते आणि ओठ उघडल्यावर झोतही येतो. ते एका आकड्यात मावत नाही. आपल्या वर्णमालेनं घोष (स्वरतंतूंची थरथर) आणि प्राण (हवेचा झोत) हे दोन वेगळे गुण मानले आहेत, त्यामागे केवढं बारकाईचं ऐकणं आहे!

त्याच मोजणीत इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीचा 'प' सुमारे ५८, 'ट' ७० आणि 'क' ८० मिलिसेकंदांचा निघाला. इंग्रजी 'ब' मात्र बऱ्याचदा शून्याच्या आसपास, म्हणजे चक्क आपल्या 'प'च्या शेजारी. इंग्रज कान 'ब' आणि 'प' यांची सीमा साधारण २५ मिलिसेकंदांवर आखतो. आपला 'पॅक' त्या रेषेच्या अलीकडे पडतो आणि समोरच्याला 'बॅक' ऐकू येऊ शकतं. एरवी संदर्भावरून निभावतं. आकडे आणि नावं यांना संदर्भाचा आधार नसतो, तिथं घोटाळा होतो.

आता 'फिफ्टीन'. इंग्रजीत हवेचा हा झोत मुख्यतः शब्दाच्या आरंभी आणि जोर पडलेल्या अवयवाच्या, म्हणजे एका दमात म्हटल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्याच्या (सिलेबलच्या), आरंभी येतो. 'फिफ्टीन' सुटा म्हणताना जोर 'टीन'वर, म्हणून तिथला 'ट' जवळपास 'ठ'सारखा हवेचा आणि 'ई' लांब. 'फिफ्टी'त जोर पहिल्या 'फि'वर, मागचा 'टी' आखूड आणि मवाळ. मराठीत जोर बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही अवयव सारखेच म्हणतो. मग फरक उरतो तो शेवटच्या 'न'चा, आणि फोनवर नेमका तोच बुडतो. 'कोटेशन'चा 'टे', 'अकाउंट'चा 'का', 'डिपॉझिट'चा 'पॉ' ही सगळी याच जातीची ठिकाणं.

करून बघा. टिश्यू पेपरची पट्टी ओठांसमोर धरा आणि 'पाणी' म्हणा. पट्टी जेमतेम हलेल. आता 'फणस' म्हणा, पण ओठ मिटून, जुनी माणसं म्हणतात तसा. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून नव्हे. पट्टी उडेल. 'पेमेंट'मधला 'पे' असा उडाला पाहिजे. 'स'नंतर मात्र इंग्रजही झोत सोडत नाही, म्हणून 'स्पीड', 'स्टॉक', 'स्कूल' इथं आपला मराठी 'प', 'ट', 'क' अगदी बरोबर आहे. सगळीकडे हवा फुंकत सुटलात तर नवाच गोंधळ.

लहानपणी आमच्या जिभेला वेखंड उगाळून लावायचे, वाणी स्पष्ट व्हावी म्हणून. वेखंडानं ओठ आणि स्वरतंतू यांच्या वेळा बदलत नाहीत. महागड्या क्लासमध्ये अमेरिकी ढब गिरवूनही त्या आपोआप बदलत नाहीत. सरावानं आणि मोजून बदलतात. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं 'प्राट' हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. आवाज रेकॉर्ड केला की पडद्यावर ओठ उघडल्याची उभी टोकदार रेघ दिसते, मग खरखरीत पट्टा, मग स्वराच्या नियमित लाटा. रेघेपासून पहिल्या लाटेपर्यंतचं अंतर म्हणजे घोषारंभकाल. भाच्याचा 'टीन' पहिल्या दिवशी १८ मिलिसेकंदांचा होता, पंधरवड्यानं ६० च्या पुढे गेला. फोनवर आकडा सांगताना तो आता पाठोपाठ 'वन, फाइव्ह' असंही म्हणतो आणि मेलमध्ये अक्षरी लिहून पाठवतो.