टांकसाळीतली चूक आणि बाहेरची करामत

वेडेवाकडे नाणे हाती आले की प्रश्न एकच पडतो: हे टांकसाळीतच असे पडले, की बाहेर आल्यावर कुणी असे केले? उत्तर शोधायचे तर नाणी कशी पाडत आले आहेत, हे आधी समजून घ्यावे लागते.

हातोड्याने नाणी पाडण्याच्या काळी एक ठसा ऐरणीत बसवत. त्यावर धातूची चकती, वर दुसरा ठसा, आणि घाव. चकती सरकली की निम्मे चित्र बाहेर जाई. कधी तयार नाणे वरच्या ठशालाच चिकटून राही. मग पुढच्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचे चित्र उठे आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे, खोलगट. रोमन प्रजासत्ताकाच्या डेनारियस या चांदीच्या नाण्यांत हा प्रकार बराच आढळतो; त्याला ब्रोकेज म्हणतात. आज शिकंज्यात दोन नाणी दाबूनही उलटी अक्षरे उमटवता येतात. पण त्यात मूळ चित्राच्या खुणा खाली उरतात आणि उठाव चेपलेला दिसतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मॅथ्यू बोल्टन यांनी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत वाफेवर चालणारी यंत्रे आणली. नाणी एकसारखी पडू लागली. तिथलीच १७९७ ची जाडजूड तांब्याची पेनी पुढे वेगळ्याच कामी आली. ऑस्ट्रेलियात हद्दपार होणारे कैदी अशी नाणी घासून गुळगुळीत करत आणि घरच्यांसाठी त्यांवर निरोपाचे शब्द कोरत. अमेरिकेत १९१३ मध्ये निघालेल्या बफेलो निकेल या पाच सेंटच्या नाण्यावर एका बाजूला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला रेडा होता; त्यातला चेहरा कोरून बदलून ‘होबो निकेल’ घडवले गेले. यात फसवणूक कुठेच नव्हती. त्या कलाकुसरीला चूक किंवा खोटे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

फसवणुकीचा प्रकार निराळा. १८८३ मध्ये अमेरिकेने पाच सेंटचे नवे नाणे काढले, त्यावर रोमन पाच होता, पण ‘सेंट्स’ हा शब्दच नव्हता. लोकांनी सोन्याचा मुलामा देऊन ते पाच डॉलरचे म्हणून खपवले. त्याच वर्षी तो शब्द घालावा लागला.

पुढे संग्राहक चुकीच्या नाण्यांना मोल देऊ लागले, तशा बनावट चुकाही निघाल्या. १९३७ मध्ये डेन्व्हरच्या टांकसाळीत बफेलो निकेलचा एक ठसा प्रमाणाबाहेर घासला गेला आणि रेड्याचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. नकली करणारे साध्या नाण्यावरचा पाय कानशीने काढतात. भिंगाखाली दोन्हींतला फरक कळतो. ठशावर ओरखडा पडला की नाण्यावर त्याची उठावदार रेघ येते. नाण्यावरच पडलेला ओरखडा मात्र खाचच राहतो. एवढे एक ध्यानात धरले तरी पुष्कळ नाण्यांचा निकाल लागतो.

१९४३ च्या अमेरिकी सेंटची गोष्ट याच धर्तीची. युद्धामुळे तांबे वाचवायचे म्हणून त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी सेंट पाडले, पण काही जुन्या तांब्याच्या चकत्या यंत्रात गेल्या. त्या मोजक्या तांब्याच्या सेंटना संग्राहकांत मोल आले, म्हणून त्यांच्या नकला निघाल्या. पोलादी नाण्यावर तांबे चढवले की दिसायला तसेच, पण ते लोहचुंबकाला चिकटते. शिवाय पोलादी सेंटचे वजन २.७ ग्रॅम, तांब्याच्याचे ३.११. काहींनी १९४८ च्या तांब्याच्या सेंटवरच्या सालातला शेवटचा आठ घासून तीन केला. तिथे चुंबक आणि तराजू दोन्ही थकतात. मग त्या अंकाचा आकारच निरखावा लागतो.

कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असलेले नाणे मला सर्वांत बोलके वाटते. पट्टीतून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पाते पडले की अशी चकती निघते. पुढे दाब देऊन तिची कड उंचावताना कापलेल्या जागी आधार नसतो, म्हणून बरोबर समोरची कडही बहुधा पुसट राहते. बाहेर कातरीने तुकडा कापला तर समोरची कड शाबूत असते.

दोन्ही बाजूंना छापा असलेली नाणी मात्र जवळजवळ सगळीच जादूगारांसाठी बनवलेली. एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याचा पातळ केलेला अर्धा भाग बसवतात. कडेच्या आतल्या अंगाने नख फिरवले की सांधा बऱ्याचदा लागतो, आणि टेबलावर टाकले की आवाज बद्द येतो.