पाहुण्यांसाठी वायफाय क्यूआर कोड

घरातल्या किंवा दुकानातल्या वायफायचे नाव आणि पासवर्ड ज्यात साठवलेला असतो, अशा ठिपक्यांच्या चौकोनी आकृतीला वायफाय क्यूआर कोड म्हणतात. पाहुण्याने फोनचा कॅमेरा तिच्यावर धरला आणि पडद्यावर आलेल्या सूचनेवर बोट टेकवले की इंटरनेट सुरू होते. लग्नाला आलेल्या वीस जणांना ‘पहिला एस मोठा, मग ॲट, मग दोन शून्य’ असे पुन्हा पुन्हा सांगत बसावे लागत नाही.

क्यूआर कोड 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवणे हा त्याचा मूळ उद्देश होता. वायफायसाठी त्यात एक साधी ओळ लिहिलेली असते: आधी सुरक्षेचा प्रकार, मग नेटवर्कचे नाव, मग पासवर्ड, आणि मध्ये अर्धविराम. आयफोनचा कॅमेरा 2017 पासून, आयओएस 11 मध्ये, असा कोड वाचू लागला. अँड्रॉइड 10 (2019) पासून फोनच्या सेटिंगमधूनच तो दाखवता येतो. कोड दाखवण्याआधी फोन बोटाचा ठसा किंवा पिन मागतो.

नागपुरात क्यूआर कोडची ओळख बहुतेकांना पैशांच्या व्यवहारातून झाली. पानठेल्यावर, तर्री-पोह्याच्या गाडीवर, सीताबर्डीच्या फुटपाथवर तो उघडा चिकटवलेला असतो आणि त्यात काही बिघडतही नाही, कारण तो फक्त पैसे कुठे जमा करायचे एवढेच सांगतो. वायफायच्या कोडचे तसे नाही. त्यातला पासवर्ड कुठल्याही कुलपाविना, जसाच्या तसा लिहिलेला असतो. ज्याने त्याचा फोटो काढला, त्याच्याकडे पासवर्ड बदलेपर्यंत घराच्या इंटरनेटची किल्ली गेली. म्हणून पैशांच्या कोडच्या सवयीने तो दाराबाहेर किंवा रस्त्याकडच्या काचेवर लावणे चूकच. त्याची जागा आत, बैठकीत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा कोड गेस्ट नेटवर्कचा असावा. आजच्या बऱ्याच राऊटरमध्ये ती सोय असते. पाहुण्यांना वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड मिळतो; इंटरनेट तेच, पण घरातला संगणक, कॅमेरे, प्रिंटर त्यांच्या फोनला दिसत नाहीत. लग्नाची गर्दी ओसरली की फक्त हा पासवर्ड बदलायचा. घरच्यांचे फोन जोडलेलेच राहतात. जुना कोड मात्र त्या क्षणापासून निरुपयोगी ठरतो, त्यामुळे नवा छापून लावावा लागतो.

नेटवर्कचे नाव मराठीत ठेवता येते, आणि ठेवावेही. मर्यादा 32 बाइटची आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि मात्रासुद्धा, साधारणपणे 3 बाइट घेते, म्हणजे दहा चिन्हांत नाव बसवावे लागते. ‘संत्रानगरी’ बरोबर 30 बाइटचे होते! पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा चालतो. कोड वापरणाऱ्याला तो टाइप करायचा नसल्यामुळे तो लांबलचक ठेवायला हरकत नाही. नावात किंवा पासवर्डमध्ये अर्धविराम असेल तर त्याआधी उलटी तिरपी रेघ (\) द्यावी लागते, नाहीतर फोन पासवर्ड तिथेच संपला असे समजतो.

छापताना थोडी काळजी घ्यावी. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याने कागद सादळतो आणि शाई पसरते. कोडमध्ये दुरुस्तीची तजवीज असते. तिच्या चार पायऱ्यांनुसार सुमारे 7, 15, 25 किंवा 30 टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. घरासाठी वरच्या दोन पायऱ्यांपैकी एक निवडावी. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र शाबूत हवेत, कारण फोन कोड ओळखतो तो त्यांच्यावरूनच. भोवतीची पांढरी किनारही कापू नये. लॅमिनेशन केलेच, तर चकाकी नसलेले करावे. ट्यूबलाइटचा उजेड चकचकीत प्लास्टिकवर पडला की कॅमेऱ्याला ठिपके दिसत नाहीत.