धावपट्टीचं अपग्रेडेशन (कोल्हापूर विमानतळ)

छोट्या विमानतळाची धावपट्टी लांब करणं, जाड करणं, तिच्या कडेची मोकळी जागा, दिवे, नाले आणि आजूबाजूची उंच बांधकामं नियमात बसवणं, या सगळ्याला मिळून धावपट्टीचं अपग्रेडेशन म्हणतात. कोल्हापुरात याला सरळ 'रनवे वाढवणं' म्हणतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, मोठं विमान कधी येणार. मोठं विमान उतरेल का हा खरंतर प्रश्नाचा सोपा भाग आहे. ते भरलेल्या सीटा, सामान आणि पुरेसं इंधन घेऊन भर उन्हाळ्यातल्या दुपारी परत उडेल का, हा खरा प्रश्न, आणि सगळा खर्च त्याच्यासाठीच असतो.

विमानतळ उजळाईवाडीला, शहरापासून साधारण नऊ किलोमीटरवर. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३० च्या दशकाच्या शेवटी संस्थानने तो उभारला. नंतर तो बराच काळ एमआयडीसीकडे होता, मग एअरपोर्ट्स अथॉरिटीकडे म्हणजे एएआयकडे गेला. मधली काही वर्षं विमानसेवा बंदच होती, २०१८ ला उडान या छोटी शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या योजनेतून ती परत सुरू झाली आणि १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. टर्मिनलचे फोटो सगळ्यांनी काढले, दगडी कमानी आहेत, छान आहे. पण विमान टर्मिनलवरून उडत नाही.

धावपट्टी आधी १,३७० मीटर होती, ती पहिल्या टप्प्यात १,९३० मीटरपर्यंत नेली आणि पुढचं टार्गेट २,३०० मीटरचं ठेवलं. तिचं नाव ०७/२५, म्हणजे एका टोकाने बघितलं तर होकायंत्रावर साधारण ७० अंश आणि उलट्या बाजूने २५०. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि उडतं, त्यामुळे पावसाळ्यात घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटला की २५ चं टोक जास्त वापरात येतं.

आता लांबी का पुरत नाही ते. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा थोडी विरळ, आणि एप्रिल-मेच्या दुपारी ३५-३७ डिग्रीला ती आणखी विरळ होते. विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांना मिळणारी उचलही कमी होते, त्यामुळे उडण्याआधी जास्त अंतर पळावं लागतं. यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेचा, म्हणजे आयकाओचा, एक ठोकताळा आहे: दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्के वाढवा आणि तिथल्या स्टँडर्ड तापमानापेक्षा, म्हणजे त्या उंचीला हिशेबासाठी धरलेल्या तापमानापेक्षा, जितके डिग्री जास्त तितके टक्के आणखी वाढवा. समजा समुद्रकिनारी १५ डिग्रीला एखाद्या विमानाला १,५०० मीटर लागतात. कोल्हापूरच्या उंचीचे १४ टक्के धरले की ते १,७१० झाले. ६०० मीटरवर स्टँडर्ड तापमान ११ डिग्री, म्हणजे ३५ डिग्रीच्या दुपारी २४ डिग्री जास्त, मग झाले २,१२० मीटर. विमान तेच, पायलट तोच, सहाशे मीटर नुसते उंची आणि उन्हाने खाल्ले. (दोन्ही मिळून ३५ टक्क्यांच्या वर गेलं की हा ठोकताळा न वापरता वेगळा अभ्यास करा असंही नियमच सांगतो, आणि इथे ते वर जातंच.)

म्हणून एटीआर ७२ या छोट्या, पंख्याच्या प्रवासी विमानाला इथे फारसं टेन्शन नाही, त्याचं उड्डाणाचं जास्तीत जास्त वजन २३ टनांच्या आसपास. एअरबस ए३२० चं वजन ७८ टनांच्या घरात जातं. गंमत म्हणजे पंखांच्या रुंदीनुसार दोन्ही एकाच 'सी' गटात येतात, २४ ते ३६ मीटरच्या, म्हणजे नुसती रुंदी बघितली तर फार फरक नाही. फरक पडतो लांबीत आणि डांबराच्या ताकदीत. पट्टी तोकडी असली तर एअरलाइन काय करते, तर वजन कमी करते, म्हणजे काही सीटा रिकाम्या सोडते किंवा इंधन कमी भरते. याला लोड पेनल्टी म्हणतात. मुंबई हवाई अंतराने तीनशेच किलोमीटर आहे तिथे हे खपून जातं, दिल्ली साडेतेराशेच्या आसपास, तिथे इंधन कमी भरून चालत नाही, मग प्रवासी कमी करायचे, आणि प्रवासी कमी केले की तिकिटाचं गणित बसत नाही आणि फ्लाइट काही महिन्यांत बंद पडते. लोक म्हणतात कोल्हापूरला सर्व्हिस टिकत नाही. त्याची कारणं अनेक असतील, पण बऱ्याचदा त्यातलं एक कारण जमिनीवरच पडलेलं असतं.

जमीन हा सगळ्यात मोठा भाग. पट्टीच्या टोकापुढे ६० मीटर आणि मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटर सपाट मोकळी जागा लागते, तिला स्ट्रिप म्हणतात. २,३०० मीटरच्या पट्टीला ही स्ट्रिपच होते जवळपास १६७ एकर, आणि ४५ मीटर रुंदी धरली तर त्यातलं प्रत्यक्ष डांबर भरतं फक्त २५-२६ एकर. बाकी सगळं गवत, पण ते गवत मोकळं आणि सपाट पाहिजे, त्यात विहीर नको, बांध नको, नाला उघडा नको. त्याच्या पुढे रीसा, म्हणजे विमान पट्टी सोडून पुढे गेलं किंवा आधीच टेकलं तर नुकसान कमी व्हावं म्हणून ठेवलेला पट्टा, किमान ९० मीटर आणि शिफारस २४० ची. मंगळूरला २०१० ला आणि कोळिकोडला २०२० ला विमानं टोक ओलांडून खाली गेली, त्यानंतर हा पट्टा कागदावरची हौस आहे असं कुणी म्हणत नाही. प्रत्येक टोकाला स्ट्रिपचे ६० आणि रीसाचे २४०, असे दोन्ही टोकांचे मिळून ६०० मीटर धरले की २,३०० च्या पट्टीला जागा लागते २,९०० मीटर लांब.

ती जागा कोल्हापुरात तामगाव, नेर्ली, मुडशिंगी या गावांच्या रानांतून येते. पुढच्या टप्प्यासाठी ६४ एकरांचा विषय कित्येक वर्षं गाजला, त्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली रानं, मोबदला, आणि नेर्ली-तामगाव रस्ता वळवण्याचा प्रश्न. रस्ता वळवणं नकाशावर एक रेघ असते, पण रोज त्याच रस्त्याने ऊस, दूध आणि शाळेची पोरं जात असतील तर ती रेघ गावाला रोज काही किलोमीटर जास्त पळवते, त्यामुळे गावकरी आधी पर्यायी रस्ता मागतात आणि माझ्या मते बरोबरच मागतात.

मग माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर सरळ खडी टाकली तर दोन-तीन पावसाळ्यांत पट्टीला लाटा येतात. म्हणून आधी माती तपासायची, काळी असेल तिथे ती काढून मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून रोलर फिरवायचा, मग खडीचे थर, मग डांबराचे. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे जुन्या आणि नव्या पट्टीचा सांधा. जुना भाग कित्येक वर्षं विमानांच्या चाकांखाली दबून घट्ट झालेला असतो, नवा अजून बसायचा असतो, जुन्या घराला खोली वाढवली की जोडावर चीर पडते तसंच इथे होतं. त्यामुळे जुन्या थरांना पायऱ्या-पायऱ्या कापून नवे थर त्यात अडकवतात.

वरून नवा थर चढवायचं काम, ज्याला ओव्हरले म्हणतात, ते बहुतेक रात्री, शेवटचं विमान गेल्यावर. नोटॅम निघतो म्हणजे पायलट लोकांना सूचना जाते, मग डांबर पसरवणारा पेव्हर, ते दाबणारा टँडम रोलर, डांबराच्या गाड्या आत येतात. पहाट व्हायच्या आत थांबायचं आणि जिथे थांबलो तिथे नव्या-जुन्या थरात उभी पायरी सोडायची नाही, अर्धा ते एक टक्का उताराचा तात्पुरता रॅम्प करायचा. नंतर झाडणं. एक सुटी खडी इंजिनात गेली तर काय होतं हे सांगायला नको, म्हणून ब्रूम गाडी फिरते, तिच्यामागे माणसं रांगेत चालत डोळ्यांनी बघतात, खडी, तार, बोल्ट, पाण्याच्या बाटलीचं टोपण, जे सापडेल ते उचलायचं. मग इन्स्पेक्शन, आणि मगच सकाळची फ्लाइट.

पाण्याचा निचरा हा दुर्लक्षित विषय. पट्टीला दोन्हीकडे थोडा उतार देतात, पण ते पाणी पुढे जाणार कुठे, पट्टी वाढली की जुने ओढे अडतात आणि शेजारच्या रानात पाणी साचतं. विमानतळ पंचगंगेच्या दक्षिणेला आणि उंचावर असल्यामुळे पुराचं पाणी तिथे येत नाही, २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा त्याची किंमत कळली.

दिव्यांचं काम त्या मानाने लवकर उरकतं. टोकाशी 'पापी' नावाचे चार दिवे ओळीत असतात, दोन पांढरे दोन लाल दिसले तर पायलट बरोबर उतारावर आहे, चारही लाल म्हणजे फार खाली. पट्टी वाढली आणि टेकायची जागा बदलली की हे सगळं उचलून नव्या जागी बसवायचं, परत विमान उडवून तपासायचं. टोक पुढे सरकलं की उतरण्याच्या मार्गाखालची उंचीची मर्यादाही सरकते. २० किलोमीटरच्या परिसरात उंच बांधकामाला एएआयच्या नियमांप्रमाणे उंचीचा हिशेब लागतो, म्हणजे कोल्हापुरात टॉवर उठवणाऱ्या बिल्डरलाही धावपट्टीशी देणंघेणं आहे, आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या चिमणीलाही.

डांबर सुकलं, पट्टे रंगवले, म्हणजे काम संपलं असं नाही. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची तपासणी होते, आणि उड्डाणाला किती मीटर, उतरायला किती, उड्डाण रद्द करून थांबायला किती, अशी अंतरं जाहीर होतात, दोन्ही दिशांची वेगवेगळी. ती देशाच्या वैमानिक माहिती पुस्तकात ठरलेल्या तारखेलाच छापली जातात, या तारखा २८ दिवसांनी एकदा येतात. तोपर्यंत नवी लांबी समोर दिसत असली तरी पायलटच्या हिशेबात ती नसते. छापून आल्यावर एअरलाइनची माणसं त्या विमानाचं, त्या तापमानाचं वजनाचं गणित नव्याने करतात आणि ठरवतात किती सीटा विकायच्या.