धूम्रपानाचे दुष्परिणाम आणि ते सोडण्याची प्रेरणा

विडी-सिगारेटमुळे शरीराचे काय नुकसान होते हे कळल्यामुळे, किंवा ते स्वतःच्या शरीरात जाणवू लागल्यामुळे, धूम्रपान सोडण्याची जी इच्छा निर्माण होते तिचा विचार या नोंदीत केला आहे. सोडू पाहणाऱ्यांना कारण विचारले तर सर्वाधिक वेळा उत्तर येते ते तब्येतीचे. पैसा, घरच्यांचा आग्रह, मुलांसमोर वाटणारा संकोच ही कारणे त्यानंतरची. असे असूनही, तंबाखूने कर्करोग होतो हे पक्के ठाऊक असलेली कोट्यवधी माणसे रोज ओढतात आणि तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक मृत्यू होतात. धोका कळणे आणि सिगारेट सुटणे यांत बरेच अंतर आहे.

पुरावा

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ठळकपणे पुढे आला तो १९५० साली. अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर हा वैद्यकीय विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक, शल्यचिकित्सक एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी, तर इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयांतील शेकडो रुग्णांच्या मुलाखतींवरून एकच निष्कर्ष काढला. डॉल यांचा आधीचा संशय रस्त्यावरच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर होता. आकडे हाती येऊ लागले तशी त्यांनी स्वतः सिगारेट सोडली. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली नव्हती. पुढे ते ९२ वर्षांचे होऊन वारले. ग्रॅहॅम यांची हकीकत मात्र चटका लावणारी आहे. कर्करोग झालेले संपूर्ण फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी १९३३ मध्ये केली होती आणि स्वतः ते वर्षानुवर्षे ओढत होते. खात्री पटल्यावर त्यांनीही सोडली, पण १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा मृत्यू झाला. दोन माणसांच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही. सोडण्याच्या वयाला किती महत्त्व आहे हे मात्र पुढे हजारोंच्या पाहणीतून दिसले.

ती पाहणी डॉल आणि हिल यांनीच १९५१ मध्ये सुरू केली. ब्रिटनमधील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सवयी नोंदवून त्यांचा माग ५० वर्षे ठेवला गेला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : आयुष्यभर ओढणारे, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरतात. साठाव्या वर्षी सोडले तर त्यांतली सुमारे ३ वर्षे परत मिळतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, आणि तिशीत सोडले तर जवळपास सगळी. सोडण्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल, तर तो मृतांच्या संख्येचा नसावा, हा असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मृतांच्या संख्येत वाचकाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. या हिशेबात प्रत्येकाला आपले आजचे वय घालून पाहता येते.

या पाहणीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. ब्रिटनमधले डॉक्टर इतर लोकांच्या बरेच आधी आणि झपाट्याने धूम्रपान सोडू लागले. पुरावा त्यांच्यापुढे कागदावर होता आणि खाटेवरही.

शरीरावरील परिणाम

जळत्या तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये असतात. त्यांतली सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. फुप्फुसाखेरीज तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका, स्वादुपिंड, मूत्राशय अशा अनेक अवयवांचे कर्करोग धूम्रपानाने वाढतात. मूत्राशयाचे नाव ऐकून पुष्कळांना नवल वाटते, पण रक्तात मिसळलेली द्रव्ये मूत्रावाटे बाहेर पडण्यापूर्वी तिथेच साठून राहतात.

लोकांच्या मनात धूम्रपान म्हणजे कर्करोग असे समीकरण असले, तरी हृदय आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान त्याच्याइतकेच घातक असते, आणि ते लवकर सुरू होते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. निकोटीनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. धुरातल्या इतर द्रव्यांनी त्यांचे अस्तर खराब होते आणि रक्त गुठळ्या धरू लागते. म्हणजे हृदयाला काम जास्त आणि ऑक्सिजन कमी. ‘मी दिवसाला एखादीच ओढतो’ हा दिलासा इथे लटका ठरतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असे आढळले की, दिवसाला २० सिगारेटींनी हृदयविकाराचा जितका जादा धोका निर्माण होतो, त्याचा जवळपास निम्मा एकाच सिगारेटने निर्माण होतो. कमी करणे म्हणजे सोडणे नव्हे, हे हृदयाच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

फुप्फुसांची हानी याउलट सावकाश होते आणि म्हणूनच फसवी असते. श्वासमार्गातले सूक्ष्म केस कफ आणि धूळ वर ढकलत असतात. धुराने ते लुळे पडतात आणि कफ साठतो. त्यातूनच सकाळचा तो ओळखीचा खोकला येतो. पुढे वायुकोशांच्या भिंती झिजतात, आणि एकदा झिजलेला वायुकोश पुन्हा तयार होत नाही. जोराने सोडलेल्या श्वासात एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मोजले तर प्रौढ वयात ते प्रमाण दरवर्षी सुमारे ३० मिलिलिटरने घटते. ज्यांच्या फुप्फुसांना धूर बाधतो, त्यांच्यात ही घट दुपटीच्या आसपास जाते. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी १९७७ मध्ये याचा प्रसिद्ध आलेख मांडला. सोडणाऱ्याची गेलेली क्षमता फारशी परत येत नाही, पण घसरणीचा वेग न ओढणाऱ्यांइतका होतो, हे त्यात दिसते. जिना चढताना धाप लागू लागते तोवर बरेच काही गमावलेले असते. ‘मला अजून काही होत नाही’ या वाक्याला म्हणूनच पुरावा म्हणून काही किंमत नाही.

पायांच्या रक्तवाहिन्या बंद होऊन चालताना पोटऱ्या दुखणे, जखमा उशिरा भरणे, हिरड्यांचे रोग, मोतीबिंदू, हाडे ठिसूळ होणे, टाइप-२ मधुमेहाचा वाढलेला धोका, पुरुषांमध्ये लैंगिक दुर्बलता, स्त्रियांमध्ये गर्भधारणेतील अडचणी आणि लवकर येणारी रजोनिवृत्ती ही यादी बरीच वाढवता येईल. बर्गर रोगाचा उल्लेख मात्र वेगळा करायला हवा. यात प्रामुख्याने तरुण धूम्रपान करणाऱ्यांच्या हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात आणि बोटे काळी पडू लागतात. तंबाखू पूर्ण थांबवणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय. थांबवली तर अवयव वाचण्याची शक्यता मोठी. चालू ठेवली तर एकेक बोट, पुढे पाय कापावा लागतो. डोळ्यांदेखत बोट गेलेले असूनही काही रुग्णांच्या हातून सिगारेट सुटत नाही. त्यांना निर्लज्ज किंवा बेफिकीर म्हणणे हा अन्याय आहे. निकोटीनची पकड किती घट्ट असते, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

धूर ओढणाऱ्यापुरता राहत नाही. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या, स्वतः न ओढणाऱ्या पत्नींना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो. गरोदरपणी ओढल्यास बाळाचे वजन सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास कमी भरते आणि झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका वाढतो.

सोडल्यानंतर

शेवटची सिगारेट विझल्यावर २० मिनिटांत नाडी उतरू लागते. साधारण दिवसाभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. पुढच्या काही आठवड्यांत श्वासमार्गातले केस कामाला लागतात. या काळात काहींचा खोकला उलट वाढतो आणि ‘सोडल्यामुळे त्रास झाला’ अशी समजूत होते. तो साफसफाईचा खोकला असतो. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका निम्मा होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात, सोडून दिलेल्यांच्या श्वासमार्गात जवळपास निरोगी जनुकीय रचनेच्या पेशी सापडल्या. चालू ओढणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे प्रमाण चौपट होते. धुराचा मार चुकवून राहिलेल्या पेशी पुन्हा जागा व्यापत असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मनाबद्दलची एक समजूत इथे तपासायला हवी. सिगारेटने ताण हलका होतो असे ओढणारा मनापासून सांगतो, आणि त्याचा अनुभव खोटा नसतो. पण रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते, अस्वस्थता सुरू होते, पुढचा झुरका ती घालवतो. सिगारेटने शमवलेला हा ताण बराचसा आधीच्या सिगारेटचाच असतो. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २०१४ मध्ये दिसले की, सोडलेल्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी होतो.

भीती कधी उपयोगी पडते

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये विचार आणि वर्तन यांतल्या विसंगतीचा सिद्धांत मांडला, तेव्हा उदाहरण घेतले ते धूम्रपान करणाऱ्याचेच. ‘हे घातक आहे’ आणि ‘मी हे करतो’ या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. सवय सोडणे अवघड असल्याने माणूस पहिली गोष्ट सैल करतो : आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते, प्रदूषण तर सगळीकडेच आहे, मरण काय चुकणार आहे. अशी वाक्ये अज्ञानातून येत नाहीत. ती भीतीवरची मलमपट्टी असते, आणि त्यांवर आणखी भीती घातली की मलमपट्टी आणखी जाड होते.

हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात धनुर्वाताच्या लशीवर केलेला प्रयोग याच मुद्द्यावर प्रकाश टाकतो. नुसत्या भीतीने फार थोडे विद्यार्थी लस घ्यायला गेले. ज्यांना लस मिळण्याच्या ठिकाणाचा नकाशा आणि कधी जायचे याची आखणी दिली, त्यांच्यातले लक्षणीयरीत्या जास्त गेले. किम विटे यांनी १९९२ मध्ये हेच सूत्ररूपात मांडले : धोका मोठा वाटला आणि त्यातून सुटण्याचा उपाय आपल्या आवाक्यात आहे असेही वाटले तर माणूस कृती करतो, उपाय आवाक्याबाहेरचा वाटला तर तो धोक्याकडेच पाठ फिरवतो. पाकिटावरच्या इशाऱ्याशेजारी मदतीचा दूरध्वनी क्रमांक छापतात तो याचसाठी. कॅनडाने २००१ मध्ये मोठे चित्रमय इशारे आणल्यानंतर ही पद्धत जगभर पसरली.

माहिती ‘लोकांची’ न राहता ‘माझी’ झाली की तिचा परिणाम बदलतो. इंग्लंडमधील एका चाचणीत ५६१ धूम्रपान करणाऱ्यांची श्वासक्षमता मोजण्यात आली. एका गटाला निकाल नुसत्या आकड्यांत सांगितला. दुसऱ्याला ‘तुमच्या फुप्फुसांचे वय अमुक वर्षे आहे’ असे सांगितले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षानंतर पहिल्या गटात ६.४ टक्के आणि दुसऱ्यात १३.६ टक्के लोकांनी सोडलेले होते. यातली विलक्षण गोष्ट अशी की, ज्यांची फुप्फुसे ठीक निघाली तेही वाईट निघालेल्यांइतकेच सोडू शकले. ‘अजून वाचवण्यासारखे आहे’ ही बातमी ‘बिघडले आहे’ या बातमीइतकीच प्रभावी ठरली.

डॉक्टरांचा शब्दही याच कारणाने वजनदार असतो. मायकेल रसेल यांनी लंडनमध्ये केलेल्या आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काहीच न सांगितलेल्या रुग्णांपैकी ०.३ टक्के, तर मिनिट-दोन मिनिटांचा सल्ला, माहितीपत्रक आणि पुन्हा चौकशी करण्याची सूचना मिळालेल्यांपैकी ५.१ टक्के जण वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिले. आकडा लहान दिसतो, पण खर्च झाली ती दोन मिनिटे.

प्रेरणेची मर्यादा

मनाची तयारी आणि तब्येतीची काळजी यांवरून माणूस सोडण्याचा प्रयत्न करील की नाही याचा अंदाज येतो; तो प्रयत्न टिकेल की नाही हे मात्र व्यसनाच्या तीव्रतेवर अधिक अवलंबून असते, असे या विषयावरील अभ्यासांच्या आढाव्यातून दिसते. कोणतीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे ३ ते ५ टक्केच असतात. चिडचिड, झोपमोड, भूक आणि तलफ पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. ते आधी सांगितलेले बरे, कारण अनपेक्षित वाढीने अनेकजण पुन्हा सुरू करतात. निकोटीनचे पट्टे आणि च्युइंगगम, व्हॅरेनिक्लिन, सायटिसिन, ब्युप्रोपिऑन यांसारखी औषधे आणि समुपदेशन यांनी यशाची शक्यता निश्चित वाढते. ‘इच्छाशक्ती असेल तर औषध कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी वरचा ३ ते ५ टक्क्यांचा आकडा पाहावा. प्रयत्न फसला तर पुन्हा करावा लागतो, आणि बहुतेक सुटलेल्यांनी तो एकाहून अधिक वेळा केलेला असतो.

‘आता सोडून काय उपयोग’ हा प्रश्न आजार झाल्यावर हमखास येतो. हृदयविकार असलेल्यांनी सोडले, तर त्यांच्या मृत्यूचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. मॉस्को येथे फुप्फुसाच्या कर्करोगाचे लवकर निदान झालेल्या, तोवर ओढत असलेल्या ५१७ रुग्णांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. निदानानंतर सोडणाऱ्यांपैकी निम्मे ६.६ वर्षांहून अधिक जगले, न सोडणाऱ्यांपैकी निम्मे ४.८ वर्षांहून. सोडणाऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी होती.